‘ब्रिटिशकालीन लोखंडी पूल’ : एका शब्दप्रयोगाची तपासणी

आपल्या भागातल्या रेल्वेपुलांबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं, मग ती शाळेची स्मरणिका असो, वर्तमानपत्राची पुरवणी असो की मोबाइलवर फिरणारा लेख असो, त्यात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘येथे ब्रिटिशकालीन लोखंडी पूल आहे.’ त्यापुढे पुलाची लांबी येते, ‘आजही दिमाखात उभा’ हे शब्द येतात आणि लेख संपतो. या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. पण त्यातून पूल कळत नाही, त्याखालची नदी कळत नाही आणि तो कोणी, कशासाठी, किती पैशांत बांधला हेही कळत नाही. या निबंधात मी हे वाक्य सुटं करून पाहणार आहे. विशेष भर आहे तो कैचीच्या पुलांवर, म्हणजे त्रिकोण जोडून केलेल्या गर्डरवर. आपल्याकडे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला कैचीच म्हणतात, आणि पुलाचं काम त्याच तत्त्वावर चालतं, म्हणून तोच शब्द इथे वापरतो.

‘ब्रिटिशकालीन’ म्हणजे कधीचा?

ब्रिटिशांनी रेल्वे चालवली १८५३ ते १९४७, म्हणजे चौऱ्याण्णव वर्षं. एवढ्या काळाला एकच विशेषण लावणं म्हणजे आजोबा आणि नातू दोघांनाही ‘पूर्वीचा माणूस’ म्हणण्यासारखं आहे.

पांढुर्णा आणि सौंसर २०२३ पासून एका जिल्ह्यात आहेत, पण रेल्वेच्या हिशोबात ते एका घरचे कधीच नव्हते. पांढुर्ण्याची लाइन जीआयपी रेल्वेची, ब्रॉडगेज. सौंसरची बंगाल नागपूर रेल्वेची, अडीच फुटी नॅरोगेज. जीआयपीची गाडी भुसावळ, बडनेरा, वर्धा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. या एका सनामुळे बराच घोटाळा झाला आहे, कारण अनेक लेखक पांढुर्ण्याची लाइनही तेव्हाचीच धरून चालतात. खरं तर नागपूर–इटारसी लाइन पुरी झाली १९२३–२४च्या सुमारास. सौंसरवरून जाणारी नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज त्याआधीची, १९१०च्या दशकातली. नैनपूरकडून छिंदवाड्याला गाडी आली होती १९०४ मध्ये. म्हणूनच रसेल यांचं १९०७ चं छिंदवाडा गॅझेटियर दाखवून सौंसरच्या रेल्वेपुलाबद्दल काही सांगता येत नाही. ते पुस्तक छापलं तेव्हा सौंसरला रेल्वेच नव्हती.

हा साठ वर्षांचा फरक महत्त्वाचा का? कारण मधल्या काळात धातूच बदलला. १८६० च्या दशकातले गर्डर घडीव लोखंडाचे आणि त्यांचे खांब पुष्कळदा बिडाचे. इंग्लंडच्या सरकारी नियमांत पुलासाठी पोलाद वापरायला मोकळीक मिळाली ती १८७७ मध्ये. त्यानंतर पोलाद आलं आणि विसाव्या शतकात घडीव लोखंड जवळजवळ हद्दपार झालं. बीड दाब सोसतं पण ताणात तडकतं. घडीव लोखंड ताण सोसतं, त्यात धाग्यांसारखे थर असतात. पोलाद दोन्ही सोसतं आणि लांब, जाड, एकसारख्या पट्ट्यांत मिळतं. म्हणून पांढुर्ण्याच्या लाइनवरच्या मूळच्या गर्डरला ‘लोखंडी’ म्हणणं बोलण्यात चालेल, लिहिण्यात नाही. ते पोलादी आहेत, आणि त्यांची आखणी वेगळ्या पिढीची आहे.

आकार वाचता येतो

पुलाकडे पाहताना पहिला प्रश्न असा : रूळ कैचीच्या वर आहेत की तिच्या पोटातून जातात? रूळ वर असतील तर रुळापासून पाण्यापर्यंत भरपूर उंची आहे, दरी खोल आहे, कैचीला खाली लोंबायला जागा आहे. गाडी कैचीच्या आतून जात असेल, तर पुराचं पाणी आणि रूळ यांत अंतर कमी आहे आणि खाली काही लोंबवणं परवडणारं नाही. तिसरा प्रकार अर्धवट उंचीचा. बाजूला दोन कैच्या, डोक्यावर काही नाही. हा लहान गाळ्यांना चालतो, कारण वरचा पट्टा बाजूला वाकू नये म्हणून त्याला धरायला वर आडवे बांधलेले नसतात. म्हणजे गर्डर पाहून नदीचा अंदाज बांधता येतो. जाम नदी साऱ्या देशाला गोटमारीमुळे माहीत आहे. पण तिच्या पुराची पातळी कुठपर्यंत येते, हे तिच्यावरच्या पुलांच्या आकारात आणि खांबांवरच्या खुणांत लिहिलेलं आहे, ते मात्र आपण वाचलेलं नाही.

दुसरा प्रश्न तिरप्या अवयवांचा. उभे खांब आणि मध्याकडे उतरत जाणाऱ्या तिरप्या पट्ट्या दिसल्या तर ती प्रॅट पद्धत. अमेरिकेत १८४४ मध्ये तिचं पेटंट झालं. यात लांब तिरपे अवयव ताणात असतात म्हणून ते बारीक चालतात, आणि आखूड उभे दाबात असतात म्हणून ते जाड. नुसते डब्ल्यूसारखे त्रिकोण असतील तर ती वॉरेन पद्धत, इंग्लंडमधलं १८४८ चं पेटंट. एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची दाट जाळी असेल तर ती लॅटिस. कधी कधी फक्त मधल्या एक-दोन खणांत फुली दिसते. ती शोभेची नाही. गाडी पुढे सरकते तसा मधल्या खणांतला जोर उलटसुलट होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी पट्ट्या द्याव्या लागतात. वरचा पट्टा मध्ये उंच आणि टोकांना उतरता असेल, तर तेही सौंदर्यासाठी नाही. गाळ्याच्या मध्यावर वाकण्याचा जोर सर्वांत जास्त असतो, तिथे कैची खोल केली की धातू वाचतो.

विलक्षण रचना कुठून येतात?

जुन्या पुलांचे शौकीन विलक्षण आकारांवर फार लुब्ध असतात, आणि त्यात गैर काही नाही. पण ‘विलक्षण’ म्हणजे ‘थोर’ असं समीकरण होतं तिथे माझा विरोध आहे. विलक्षणपणा बहुधा दोन कारणांनी येतो. एक, नियम ठरायच्या आधीचा काळ. दोन, पैशांची तंगी.

पहिल्याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. बीबीसीआय रेल्वेचे कर्नल केनेडी यांनी मुंबई–अहमदाबाद मार्गावर ठरवलं, की नदी कोणतीही असो, गाळा ६० फुटांचाच. वर वॉरेनचे त्रिकोणी गर्डर, खाली नदीच्या तळात स्क्रूसारखे फिरवून बसवलेले बिडाचे पोकळ खांब. कल्पना हुशारीची होती. सगळे भाग एकसारखे असल्यामुळे ते इंग्लंडात साच्यातून काढायचे, जहाजात भरायचे आणि इथे क्रमांक पाहून जोडायचे. दगड शोधा, घडवा, चुना मळा ही भानगडच नाही. पण भरूचला नर्मदेनं हे गणित मानलं नाही. पुरात त्या पुलाचं वारंवार नुकसान झालं आणि शेवटी १८८१ मध्ये हॉकशॉ यांच्या रचनेचा नवा पूल उभा राहिला. तोच आजचा गोल्डन ब्रिज. केनेडींची रचना कारखान्याच्या आणि जहाजाच्या सोयीनं आखलेली होती. दर ६० फुटांवर खांब म्हणजे दर ६० फुटांवर पुराला अडथळा आणि पायाशी खोल खड्डा. त्या पुलाच्या अपूर्वतेचं कौतुक करताना ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

त्याच काळात जीआयपीनं थळ घाटात एहेगावचा पूल बांधला. कसारा–इगतपुरी मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. दरी सुमारे १८० फूट खोल. तिथे दगडी खांबांवर १५० फुटांच्या गाळ्यांचे त्रिकोणी गर्डर टाकले आणि रूळ वरून नेले. तीच वॉरेन पद्धत, पण इथे गाळे मोठे आणि खांब कमी, कारण एवढ्या उंचीचा एकेक खांब महागडा. म्हणजे पेटंट एकच, उत्तरं दोन. आणि दगडाचा अभिमानही बाळगायला नको. त्याच कंपनीचा बोरघाटातला म्हौकीमळीचा दगडी पूल जुलै १८६७ मध्ये, सुरू होऊन चार-पाच वर्षंच झाली असताना, कोसळला.

आणखी एक उदाहरण अमेरिकेचं. बॉलमन नावाच्या इंजिनिअरनं १८५२ मध्ये एक कैची पेटंट केली. तिच्यात प्रत्येक खणाचं टोक स्वतःच्या दोन सळयांनी थेट दोन्ही टोकांच्या खांबांना टांगलेलं असतं. एखादी सळई तुटली तरी बाकीचा पूल उभा राहतो, ही तिची ताकद. पण सळयांची लांबी असमान, त्यामुळे ऊन चढलं की त्या असमान वाढतात आणि सांधे बिघडतात. आज तसा पूल जगात एकच उरला आहे, मेरीलँडमधल्या सॅव्हेज गावी. आपल्याकडच्या उन्हात ही पद्धत किती टिकली असती याचा अंदाज साध्या गणितानं येतो. १०० फुटांचा पोलादी गाळा, हिवाळ्यातल्या पहाटेचे ८ अंश आणि मे महिन्यातले ४८ अंश धरले, तर सुमारे १५ मिलिमीटरनं लांबतो. म्हणून गर्डरचं एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवतात. पूल पाहायला गेलेला माणूस वरच्या त्रिकोणांचे फोटो काढतो. खांबावरचं ते सरकतं बैठकीचं पोलाद मात्र कोणी पाहत नाही, आणि जुन्या पुलाची तब्येत तिथेच आधी कळते.

दुसरं कारण पैशांचं. मुख्य लाइनवर इंजिनं जड होत गेली तसे जुने गर्डर उतरवून नवे चढवले गेले. १९२६ मध्ये ब्रॉडगेज मुख्य मार्गासाठी ठरावीक भारमान आलं, पुढे १९७५ आणि १९८७ मध्ये त्याहून जड. प्रत्येक वेळी आखण्या आणखी एकसारख्या झाल्या. इटारसी–नागपूर लाइन तर १९२९ पासून दिल्ली–मद्रास मार्गाचा कणाच झाली. तिच्यावर जुनं, हलकं, चमत्कारिक काही शिल्लक राहणं अवघड होतं. नॅरोगेजचं तसं नाही. तिथे एका आसावर ब्रॉडगेजच्या निम्म्याहून कमी भार. त्यामुळे जुनी रचना बदलायची घाई नसते, खर्च वाचवायची मात्र असते. हलके गर्डर, उघडे गाळे, जुन्या रुळांचे केलेले खांब आणि आडवे टेकू, अशा गोष्टी छोट्या लाइनींवरच जास्त सापडतात. म्हणून आपल्या जिल्ह्यात विलक्षण काही शोधायचं असेल, तर शोध सौंसर, रामाकोना, लोधीखेडा या बाजूनं सुरू व्हायला हवा होता. ‘हवा होता’ असं म्हणतो, कारण २०१५ च्या अखेरीस ती नॅरोगेज बंद झाली आणि तिथे ब्रॉडगेज आली.

‘ब्रिटिश’ कोण?

विशेषणातला दुसरा घोटाळा कर्त्याचा. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागलं १९१२ मध्ये. १९२४ मध्ये देशी पोलादाला जकातीचं संरक्षण देणारा कायदा झाला. म्हणजे पांढुर्ण्याची लाइन बांधली गेली ती नेमकी अशा वळणावर, जेव्हा गर्डर इंग्लंडहून आणायचा की कलकत्ता-मुंबईच्या कारखान्यात करवून घ्यायचा हा वादाचा विषय होता. हावडा पूल १९४३ चा, पूर्ण ब्रिटिश अमलातला. त्याचं सुमारे २६,५०० टन पोलाद, त्यातलं २३,००० टन टाटांचं, आणि जोडणी कलकत्त्याच्या ब्रेथवेट, बर्न आणि जेसप कंपन्यांची. त्याला ‘ब्रिटिशांचा पूल’ म्हणायचं का? गर्डरच्या पोटावर गिरणीचं नाव उठावदार अक्षरात असतं, टोकाला कारखान्याची पाटी असते. तो पुरावा वाचल्याशिवाय पुलाला राष्ट्रीयत्व देऊ नये.

हीच गोष्ट श्रमाची. किपलिंगची पूल बांधणाऱ्यांवरची कथा (१८९३) प्रसिद्ध आहे. मोगलीमुळे तो आपल्याला शेजारचा वाटतो. त्या कथेत गंगेवरच्या पुलाच्या कैचीला त्यानं इंजिनिअर फिंडलेसनचंच नाव देऊन टाकलं आहे. अशी कैची कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, ती कथेतलीच. पण त्या काळच्या इंजिनिअरची हौस त्यातून नेमकी कळते : आकाराला आपलं नाव लागावं. त्याच कथेतला पेरू हा बलसाडकडचा खारवी, दोरखंड आणि कप्प्या लावून गर्डर चढवण्यात तरबेज. त्याच्या नावाची कैची मात्र नाही. किपलिंगनं पेरूला निदान नाव आणि बुद्धी तरी दिली. आपल्या स्थानिक लेखांत तेवढंही नसतं. रिव्हेट लाल करणारा, ती चिमट्यानं फेकणारा, झेलणारा, मागून ठोकळा धरणारा आणि पुढून घण मारणारा, अशी टोळी प्रत्येक सांध्यामागे असते. जुन्या पुलावर जिथे गोल डोक्याच्या रिव्हेटऐवजी षटकोनी बोल्ट दिसतात, तिथे नंतरची दुरुस्ती आहे. तोही इतिहासच, आणि बहुतेक वेळा तो स्वातंत्र्यानंतरच्या आपल्याच कामगारांचा.

लंडनच्या पत्राची गोष्ट

आता ती लाडकी दंतकथा. ‘इंग्रज कंपनीनं शंभर वर्षांची हमी दिली होती, मुदत संपल्यावर लंडनहून पत्र आलं की आता जबाबदारी आमची नाही.’ ही गोष्ट भारतातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या पुलाला चिकटलेली आहे. ज्या पुलाबद्दल ती सांगितली जाते त्याचं पत्र, तारीख, जावक क्रमांक कोणी दाखवत नाही. मुळात पूल हे हमीपत्राचं यंत्र नाही. तो किती टिकेल हे भार, गंज, पायाजवळची धूप आणि सांध्यांची थकावट यांवर ठरतं, आणि हे दरवर्षी तपासायचं काम मालकाचं असतं. रेल्वेत पुलाला क्रमांक असतो, नोंदवही असते, पुराच्या सर्वोच्च पातळीची आणि धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते आणि तपासणीचं वेळापत्रक असतं. जुने रेल्वेपूल टिकले त्याचं मोठं श्रेय या कंटाळवाण्या कामाला आहे. दंतकथा ते श्रेय ट्रॅकमन आणि पूल-निरीक्षकाकडून काढून घेते आणि कुण्या अदृश्य साहेबाला देते.

ही फक्त भावनेची गोष्ट नाही. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल कोसळला आणि चार माणसं गेली. तो पूल काही इंग्रजांचा नव्हता. आधी २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला, तो मात्र त्यांच्या काळातला होता. म्हणजे ‘इंग्रजांचं काम पक्कं’ हेही खरं नाही आणि ‘जुनं म्हणजे धोक्याचं’ हेही नाही. खरा प्रश्न असा, की या पुलावर आज किती भार येतो आणि तो शेवटचा कोणी, कधी तपासला. ज्या समाजाला ‘ब्रिटिशकालीन’ एवढंच म्हणता येतं, त्याला हा प्रश्न नीट विचारता येत नाही.

काय नोंदवायला हवं

नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथे इंजिनं आणि डबे जपले आहेत, ते चांगलंच झालं. पण पूल संग्रहालयात नेता येत नाही. तो जागेवरच समजतो, आणि जागेवरून गेला की कागदावरच उरतो. कागदांची गत अशी : पांढुर्ण्याच्या लाइनचा वारसा मध्य रेल्वेकडे, मुख्यालय मुंबई. सौंसरच्या लाइनचा आधी कलकत्त्याच्या गार्डन रीचला, १९५५ नंतर दक्षिण पूर्व रेल्वेकडे, २००३ पासून बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. त्यात १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर तिकडे गेलं आणि आपण इकडे राहिलो. एका जिल्ह्याच्या पुलांचा इतिहास लिहायला तीन राज्यांच्या दारात जावं लागतं. त्यापेक्षा जवळचं काम आधी हाती घेऊ.

पुलाचं वर्णन लिहिताना एवढं तरी असावं : लाइन आणि पुलाचा क्रमांक, नदी-नाल्याचं गावात चालणारं नाव, गाळे किती आणि प्रत्येकाची लांबी, रूळ कैचीच्या वर की आत, तिरप्या पट्ट्यांचा नमुना, सांधे रिव्हेटचे की बोल्टचे, खांब दगडाचे, विटांचे की काँक्रीटचे, आणि कुठे अक्षरं असतील तर ती जशीच्या तशी. हे सगळं रेल्वेच्या हद्दीबाहेर, काठावर उभं राहून, फोटोवरून करता येतं. रुळावर जायची गरज नाही आणि जाऊही नये. जिथे गर्डर गेले तिथे जुन्या खांबांचे दगड शोधावेत. बैठकीच्या दगडाच्या मापावरूनही वर काय होतं याचा अंदाज लागतो.

आणि माणसं. नॅरोगेजवर गँगमध्ये काम केलेले, पावसाळ्यात रात्री पुलावर कंदील घेऊन पाण्याची पातळी पाहिलेले लोक सौंसर, रामाकोना, लोधीखेडा, सावनेर या पट्ट्यात अजून आहेत. त्यांच्याकडे पुलांची स्वतःची नावं आहेत, जी कुठल्याही नोंदवहीत नाहीत. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी कुणाच्या घरी लग्नाच्या, सहलीच्या, पुराच्या फोटोंत मागे एखादा पूल आला असेल, तर तो फोटो सन आणि गावाचं नाव लिहून मंडळाकडे द्यावा. गाळे मोजायचं काम आम्ही करू.